मोटारीच्या पंपातला थेंब

पोरांनो, तुमची गाडी परवा दुरुस्तीला गेली होती आणि पाण्याचा पंप बदलून आली, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. मी विचारलं, "का, काय झालं होतं त्याला?" तर उत्तर आलं, "आजी, ते कुणाला माहीत? सकाळी दिली, संध्याकाळी आली."

फोन ठेवला आणि माझ्या बोटांना सत्तर वर्षांपूर्वीचं ग्रीस लागल्यासारखं वाटलं. एक पंप मी स्वतःच्या हातांनी बिघडवला आहे आणि स्वतःच्या हातांनी बसवलाही आहे. ते सगळं क्रमाने लिहून पाठवते. मधेच भरकटले तर सोडून द्या.

माझे वडील वर्ध्याला डॉक्टर होते. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, काळी, चौकोनी, इंग्रजी बनावटीची एक मोटार होती. मी नागपूरहून बी.ए. होऊन घरी आले तेव्हा आमचा ड्रायव्हर बसवर नोकरी लागून निघून गेला होता आणि बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागला होता. आसपासच्या गावांना पेशंट बघायला जायचं कसं, हा प्रश्न होता. बाबांनी मला गाडी शिकवली. त्यांना दुसरा इलाज नव्हता म्हणून शिकवली, हे मला माहीत होतं. तरी पहिल्यांदा क्लच सोडला आणि ती अवजड वस्तू माझ्या सांगण्यावरून पुढे सरकली, तेव्हा मी मोठ्याने ओरडले होते. घरात माझ्यासाठी स्थळं येत होती, फोटो जात होते, आणि मी आठवड्यातून एकदा आंजी गावापर्यंत गाडी हाकत होते. त्या एका दिवसावर माझे बाकीचे सहा दिवस निघत.

आता आमच्या घराचा एक नियम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वर्ध्याची हवाच त्या दिवसांत काटकसरीची होती. घरात सगळे सूत कातत आणि पाणी मोजून वापरत. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं अंगणातल्या पपईला. नळ ठिबकताना दिसला की बाबा पेशंट सोडून उठत. आणि आमच्या मोटारीखाली, सारवलेल्या अंगणात, रोज सकाळी रुपयाएवढा ओला डाग पडलेला असे.

"ही गळती थांबव," बाबा म्हणाले.

मी गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक उघडलं. इंजिन तापतं, म्हणून त्याच्याभोवती पाणी खेळवावं लागतं, आणि ते पाणी ढकलणारा छोटा पंप इंजिनच्या तोंडाशी असतो. आमच्या पंपात बोटभर जाडीचा पोलादी दांडा होता. तो जिथून बाहेर येतो तिथे त्याच्याभोवती ग्रीस लावलेल्या दोरीचे वेढे भरलेले होते आणि त्यांच्यावर एक मोठा पितळी नट आवळलेला होता. नट आवळला की दोरी दांड्याला घट्ट बसते. पण पुस्तकात पुढे लिहिलं होतं, की किंचित ठिबक असू द्यावी. मी ते वाक्य मराठीत करून बाबांना सांगितलं.

"इंग्रजांच्या देशात आभाळ रोज गळतं," बाबा म्हणाले. "त्यांना थेंबाचं काय? हे आपल्याकडे लागू नाही." त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि ते वाक्य खोडलं.

मला ते पटलं, हे कबूल करते. ठिबकणारी वस्तू मला तेव्हाही बघवत नसे. दर रविवारी मी पाना घेऊन त्या नटाला पाव वेढा द्यायची. महिन्याभरात डाग नाहीसा झाला. पाहुणे आले की मी त्यांना गाडीखालचं कोरडं अंगण दाखवायची.

थंडी सरली आणि इंजिनातून चिरका आवाज येऊ लागला. मार्चमध्ये एका दुपारी आंजीहून परतताना तो अचानक थांबला. पुढच्याच मिनिटाला बॉनेटखालून वाफेचे लोट उठले आणि रस्त्यावर पाण्याची धार लागली. मी खाली उतरले. एक बैलगाडी आमच्याजवळ येऊन थांबली.

"डॉक्टरसायेब, चहा मांडला का?" गाडीवानाने विचारलं. "आमाले बी द्या घोटभर."

बाबा हसले नाहीत. त्याच बैलगाडीत बसून आम्ही वर्ध्याला आलो. मोटार दुसऱ्या दिवशी बैलांनी ओढून आणली. ती वरात साऱ्या गावाने पाहिली.

आष्टीच्या बाजूला बाबांचे एक जुने पेशंट होते, संत्र्याच्या बगीच्याचे मालक. त्यांचा आमच्या मोटारीवर कितीतरी दिवस डोळा होता. मोटार नको होती त्यांना, फक्त तिचं इंजिन हवं होतं. "माह्या विहिरीवर बसवतो," असं ते दर भेटीत म्हणत. "रस्त्यानं धूळ उडवन्यापरीस झाडाले पानी देईन थे." बाबांनी त्या संध्याकाळी त्यांना पोस्टकार्ड लिहायला घेतलं.

मी टेबलापाशी जाऊन उभी राहिले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. चूक माझी आहे, मला ती दुरुस्त करू द्या, एवढं नक्की म्हणाले. गाडी गेली तर पुन्हा खिडकीशी बसून स्थळांची वाट बघायची, हे बोलले नाही. ते बाबांना कळलं असावं, कारण त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"पुढच्या रविवारी आष्टीला जाऊ," ते म्हणाले. "तूच चालव. न उकळता पोचलो तर गाडी परत येईल आणि ती तुझ्या ताब्यात राहील. वाटेत एकदा जरी उकळली, तर इंजिन बगीच्यात. रविवारी येतो, एवढंच त्यांना कळवतो. आणि मी मदत करणार नाही."

माझ्या हातात आठ दिवस होते.

नागपूरच्या दुकानाला तार केली. उत्तर आलं, की असा पंप आता विलायतेहूनच मागवावा लागेल, आणि किती महिने लागतील ते सांगता येत नाही. मग मी पंपच काढायचं ठरवलं. रेडिएटरचं पाणी बादलीत उतरवलं, पंप फिरवणारा पट्टा सैल केला, चार बोल्टांपैकी तीन सुटले. चौथा हलेना. त्यावर रॉकेल सोडलं, तासभर थांबले, पुन्हा पाना लावला. नाही. तेवढ्यात आई बाहेर आली. तिने आयुष्यात पाना हातात धरला नव्हता.

"सरक," ती म्हणाली, आणि पदर खोचून माझ्या हातांवर हात ठेवले. "आता एकदम ओढायचं. पाटा हलवतो ना, तसं."

बोल्ट कर्र करून फिरला आणि आम्ही दोघी पपईच्या आळ्यात धपकन बसलो. आईला इतकं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

पंप टॉवेलात गुंडाळला, सायकलच्या कॅरियरला बांधला आणि सिंदी मेघेच्या वाटेवरच्या जिनात गेले. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. हंगाम संपत आला होता, तरी हवेत तंतू उडत होते आणि बायका कापसाची ओझी डोक्यावर घेऊन ये-जा करत होत्या. तिथल्या मोठ्या इंजिनची सगळी देखभाल एक म्हातारे मिस्त्री करत. त्यांनी पंप उलटासुलटा केला, दांडा ओढून काढला आणि अंगठ्याने चाचपून माझ्यापुढे धरला. जिथे दोरीचे वेढे बसत, तिथे दांडा उंदराने कुरतडल्यासारखा खाल्ला गेला होता. दोरी जळून कोळसा झाली होती.

"हे एवढं कोनं आवळलं?"

"मी."

"काऊन?"

"पाणी गळत होतं."

"धार लागली व्हती का?"

"नाही. थेंब थेंब."

मिस्त्री खाली बसले. "बाई, थो थेंबच तं दांड्याचं तेल व्हतं. तुमची मोटर तहानली व्हती अन् तुम्ही तिचं नरडं आवळत गेल्या."

"पुस्तकात लिहिलं होतं तसं," मी हळूच म्हटलं. "पण आम्ही खोडलं."

"खोडलं?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मले वाचता येत नाई, म्हनून मी नाई वाचत. तुमाले वाचता येते, तं तुम्ही खोडता!"

शेजारून जाणाऱ्या दोघी बायका ओझ्यासकट थांबून हसल्या. मिस्त्री मला आत घेऊन गेले. जिनाच्या इंजिनलाही पाण्याचा पंप होता, आमच्या पंपाच्या दसपट मोठा, आणि त्याच्या पितळी नटाखाली एक थेंब लोंबत होता. तो फुगला, सुटला आणि खालच्या डब्यात टप् करून पडला. लगेच दुसरा तयार होऊ लागला.

"श्वास घ्या," मिस्त्री म्हणाले. मी घेतला. "सोडा." मी सोडला. टप्.

"एक श्वास, एक थेंब. जास्त पडला तं पानी वाया. कमी पडला तं दांडा वाया. इतकी वर्सं झाली, मी हाच मोजून राह्यलो."

मी तिथे कितीतरी वेळ श्वास मोजत उभी होते. मोठमोठ्या इंग्रजी ग्रंथांची टिपणं काढली होती मी, पण एखादी गोष्ट अशी एका क्षणात उघडलेली आठवत नाही. थेंब म्हणजे गळती नव्हती. तेही त्या यंत्राचं एक काम होतं.

नवा दांडा मिस्त्रींनी मोडीत निघालेल्या एका जुन्या रोलरच्या पोलादातून काढला. ते लेथपाशी, म्हणजे पोलाद फिरवून कातणाऱ्या यंत्रापाशी, उभे राहिले आणि मी मापं धरली. जुना दांडा जिथे धड होता तिथलं माप घ्यायचं, नवा तितका उतरला का बघायचं, पुन्हा लेथ. पोलादाची साल कुरळी होऊन निळसर रंगाची खाली पडत होती. मी इतकी वाकून बघत होते, की मिस्त्रींनी दोनदा माझी वेणी मागे सारायला लावली.

दारात बायकांची गर्दी झाली.

"काय व, डाक्टराची पोरगी हात काळे करून राह्यली!" एक म्हणाली.

"इच्याशी लगन कोन करीन आता?"

"करीन एखांदा मोटरवाला. त्याले बिनपगारी मिस्त्री भेटन!"

"बाई, तू कर व तुह्यं काम," तिसरी, वयाने मोठी, म्हणाली. "आमी बी मर्दाच्या बरोबरीनंच ओझं वाहतो. आमाले कोन पुसते?"

दांडा झाला, पण जिनातली दोरी आमच्या पंपाला फार जाड होती आणि बारीक दोरी हंगामाअखेर संपली होती. मिस्त्रींनी विचार केला. "तुमच्या घरी सूत कातते ना सारे? थे आना. पन जाडं पायजे."

जाडं सूत! माझ्याकडे पेटीभर होतं. माझं सूत इतकं गाठाळ आणि जाडंभरडं यायचं, की विणकर ते दर वेळी परत पाठवत, आणि बाबा जेवताना त्यावर एखादं वाक्य बोलल्याशिवाय राहत नसत. मी सायकल अशी हाणली, की घरी पोचल्यावर उभं राहवेना. सुताच्या चार लडी घेऊन परत गेले. मिस्त्रींनी सूत बोटांवर फिरवलं, ताणलं, वास घेतला.

"फस् क्लास," ते म्हणाले. "याच्यापरीस बारीक असतं तं कामाचं नव्हतं."

माझ्या सुताची तेवढी स्तुती आजवर दुसऱ्या कुणी केलेली नाही. त्याची तिपेडी वेणी घालून आम्ही ती ग्रीस आणि काळ्या ग्राफाइटच्या भुकटीत मळली, दांड्याभोवती वेढे भरले आणि नट चढवला. पुढचं त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं, की पाना लावायचा नाही, बोटांनी जेवढा आवळेल तेवढाच.

पंप इंजिनावर बसवताना मधे पुठ्ठ्याचा पातळ थर लागतो, नाहीतर सांध्यातून पाणी येतं. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा पंपाच्या तोंडावर ठेवून, कडेने हातोडीने हलके ठोकत, मी तो बरोबर आकारात कापला. हे मिस्त्रींनी शिकवलेलं. शुक्रवारी संध्याकाळी पाणी भरलं, इंजिन सुरू केलं आणि जमिनीवर आडवी होऊन वाट बघत राहिले. कोरडं. कोरडं. मग नटाखाली काहीतरी चमकलं, फुगलं आणि पडलं. मी आईला हाका मारमारून बोलावलं. थेंब बघायला!

रविवारी सकाळी निघालो. बाबा शेजारी बसले होते. आंजीला एका पेशंटसाठी थांबलो. परत येतो तो बाबांची नजर गाडीखालच्या धुळीवर गेली. तिथे ओला डाग होता.

"ही तर पुन्हा गळू लागली," ते म्हणाले. "पाना दे."

मी त्यांना आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकलंही होतं. पण ऐकणं वेगळं आणि डोळ्यांदेखत पाणी मातीत जाणं वेगळं.

"बाबा, तो पडलाच पाहिजे."

"उगाच वाद घालू नकोस. एवढ्या लांबचा रस्ता, त्यात ऊन. अर्धं पाणी वाटेतच जाईल आणि मग उकळेल. पाना कुठे आहे?"

पाना माझ्या सीटखाली होता. आजूबाजूला दहा-बारा माणसं जमली होती. बाबांनी हात पुढे केला. मी आजवर त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. कॉलेजचे विषयसुद्धा त्यांनीच निवडले होते.

"नाही देत," मी म्हणाले.

कुणीतरी मागून म्हणालं, "बाप्पा!"

"गाडी आष्टीपर्यंत माझी आहे. तुम्हीच म्हणालात. उकळली तर इंजिन द्या, मी एक शब्द बोलणार नाही. पण नट मी आवळू देणार नाही."

बाबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग वळले, आपली बॅग उघडली आणि तिच्यातून जखमा धुताना खाली धरायचं इनॅमलचं भांडं काढलं. ते त्यांनी वाकून बरोबर थेंबाखाली ठेवलं.

"निदान उभी असताना तरी वाया जायला नको," ते म्हणाले. निघायच्या आधी भांड्यातलं पाणी त्यांनी बाटलीत भरून बरोबर घेतलं. पुढे वाटेत आर्वीला थांबलो तेव्हाही तेच केलं.

आर्वीच्या पुढे रस्ता चढू लागला. ऊन डोक्यावर आलं होतं. गाडीत उष्णता दाखवणारा एक काटा होता. बाबांना समोरचा रस्ता अंधुक दिसे, पण वाकून पाहिलं की तो काटा दिसे. तापाच्या पेशंटजवळ बसावं तसे ते त्याच्याकडे बघत बसले.

"चढतोय," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "अजून चढतोय." माझे हात घामाने चाकावरून निसटत होते. पुढे एक कडब्याची गाडी हळूहळू चालली होती, तिच्यामागे मला वेग कमी करावा लागला, आणि वारा लागेनासा झाला.

"तांबड्या खुणेशी आला."

"ओलांडली?"

"नाही." बाबा काट्यावर जवळजवळ नाक टेकवून बसले होते. "नाही. थांबलाय. तू पुढे बघ!"

कडब्याची गाडी बाजूला झाली. मी ॲक्सिलरेटर दाबला. माथ्यावर पोचलो आणि समोरून गार हवेचा झोत आला. "उतरला!" बाबा ओरडले. "उतरतोय! सावकाश उतरतोय!" आणि त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की गाडी नागमोडी गेली.

आष्टीला बगीच्याचे मालक फाटकातच उभे होते. इंजिन उचलायला दोन माणसं आणि लाकडी ओंडके तयार ठेवलेले होते. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, वाकून पाहिलं आणि ते चुकचुकले.

"टपकून राह्यलं हो, डॉक्टरसायेब. थोडं कमी करा मंग भाव."

"टपकतंय म्हणून धड आहे," बाबा म्हणाले. मग आठ दिवस ज्यांनी पंपाला बोट लावलं नव्हतं, त्या माझ्या वडिलांनी बगीच्याच्या मालकांना श्वास घ्यायला लावला, सोडायला लावला आणि थेंब मोजून दाखवला. दांडा, दोरी, सूत, सगळं सांगितलं. सुताचं सांगताना त्यांचा स्वर असा होता, की जणू माझं जाडं सूत ही त्यांचीच योजना.

"बरं, भाव नका कमी करू," मालक म्हणाले. "जेवढ्याले म्हनलं व्हतं तेवढ्याले घेतो. मंग सौदा पक्का ना?"

"नाही," बाबा म्हणाले. "इंजिन द्यायचं नाही. ते आता हिचं आहे."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओंडक्यांकडे, मग हसून आम्हाला जेवायला नेलं. निघताना त्यांनी मागच्या सीटवर संत्र्यांचा ढीग ओतला. इंजिन हुकल्याचा राग त्यांनी धरला नाही.

परतीच्या वाटेवर सगळी गाडी संत्र्यांच्या वासाने भरली होती. मी गाडी चालवायला लागल्यापासून बाबांचा एक हात कायम हँडब्रेकवर असे. मला त्याची सवय झाली होती. आर्वी मागे पडल्यावर मी सहज पाहिलं, तर तो हात त्यांच्या मांडीवर पडला होता आणि त्यांची मान खिडकीला टेकली होती. ते गाढ झोपले होते.

मी खड्डे चुकवत, गिअर आवाज न करता टाकत, गाडी वर्ध्याला आणली.